बाळाला पाजायला तुम्हाला कोणी शिकवलं?

पहिल्या बाळाच्या वेळी माझ्याकडे कपड्यांची यादी होती, औषधांची होती, दवाखान्यात न्यायच्या पिशवीची तर दोनदा तपासलेली. पाजायचं कसं, हे कुठल्याच यादीत नव्हतं. ते आपोआप येतं म्हणे! तिसऱ्या दिवशी स्तनाग्रांना चिरा पडल्या. बाळ रडतंय, मी रडतेय आणि खोलीतल्या प्रत्येकाचं निदान एकच: "दूध पुरत नाहीये."

शेवटी एक सिस्टर शेजारी येऊन बसल्या. तू बाळाकडे वाकू नकोस, बाळाला तुझ्याकडे आण. जांभई दिल्यासारखं मोठं तोंड उघडू दे, हनुवटी आधी टेकू दे. नुसतं बोंड नाही, भोवतीचा काळा भागही तोंडात जायला हवा, खालच्या बाजूचा जास्त. दहा मिनिटांचं काम. दुखणं त्याच दिवशी निम्म्यावर आलं. दूध होतंच, ते बाळाच्या तोंडात नीट जात नव्हतं.

तुम्हाला कोणी, कधी शिकवलं? काय कामी आलं, काय नाही? सविस्तर लिहा.

* * *

मला सातव्या महिन्यातच सांगितलं होतं की सुरुवातीचे दोन-तीन दिवस चीक, म्हणजे पहिलं घट्ट दूध येतं, तेही थोडं-थोडंच, आणि बाळाचं पोटही तेवढंच असतं. त्या एका माहितीवर मी तरले. सिझर झालं, दूध उतरायला चौथा दिवस उजाडला. डॉक्टर रोज वजन बघत होते. पहिल्या दिवसांत ते थोडं घटतं हेही आधी कळलेलं, त्यामुळे काटा बघून धीर सुटला नाही.

* * *

बाबाने लिहिलेलं चालेल ना? बायकोसोबत मीही होणाऱ्या आईबाबांच्या वर्गाला गेलो होतो. पाजणं माझ्या हातात नव्हतं, मोजणं होतं. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले व्हायला हवेत, असं तिथे सांगितलं होतं. फ्रिजवर तक्ता लावला. कोणी "पोट भरत नसेल" म्हणालं की मी तक्त्याकडे बोट दाखवायचो. सासूबाई आधी हसल्या, मग स्वतःच खुणा करू लागल्या.

* * *

मी प्रसूती विभागात नर्स आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९८९ मध्ये यशस्वी स्तनपानाच्या दहा पायऱ्या मांडल्या. गरोदरपणीच माहिती देणं ही त्यातलीच एक. तरी बऱ्याच जणींशी हा विषय आम्ही पहिल्यांदा काढतो तो बाळंतपणाच्या दिवशी, जेव्हा तिला स्वतःचं नाव आठवलं तरी खूप. शिवाय आम्ही फायदेच सांगत बसतो. फायदे तिला पाठ असतात.

माझी स्वतःची चूक सांगते. पूर्वी मी बाळाचं डोकं धरून छातीशी दाबायचे. बाळ मान मागे टाकायचं आणि आईला वाटायचं, ह्याला मी नकोच आहे. आता माझे हात मागे. बाहुली घेऊन दाखवते, बाळाला आईच जवळ घेते. वेळ लागतो, पण घरी गेल्यावर तिथे मी नसते ना.

आणि घड्याळ विसरा. सुरुवातीला दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणं नेहमीचंच. जितकं दूध ओढलं जाईल तितकं बनतं. मधेच वरचं दूध दिलं की बाळ तेवढं कमी ओढतं, शरीर तेवढं कमी बनवतं आणि "पुरत नाही" हे खरंच ठरतं.

* * *

वरचं सगळं बरोबर आहे, पण माझं वेगळं. स्तनावर आधी शस्त्रक्रिया झालेली. लॅच, म्हणजे बाळाची स्तनावरची पकड, तपासली, पंप केला, रात्री जागले, दूध कमीच. वर्गात मात्र "प्रत्येक आईला पुरेसं येतं" असं ठासून सांगितलेलं. बाळाचं वजन वाढेना तेव्हा डॉक्टरांनी फॉर्म्युला सुरू केला आणि मी आठवडाभर कोणाशी बोलले नाही. आईच्या दुधाच्या महतीची तीन पत्रकं माझ्या फाइलमध्ये होती. ते कमी पडलं तर काय, याचं एकही नव्हतं. आम्ही पुढे दोन्ही दिलं, आधी अंगावर, मग वाटी-चमच्याने.

* * *

मला आठवा लागलाय. वरचं सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. बाकी काही बोलला नाही, पट्टी घेऊन तक्ता आखायला बसलाय.