नागपूरच्या अनोळखी बाईंसाठी आईच्या लुगड्याची गोधडी: द्यावी का?

माडाखालची (मालवण)
हस्तकलेच्या अदलाबदलीत यंदा पहिल्यांदाच नाव दिलंय. चिठ्ठीत मला नागपूरच्या एक बाई आल्या आहेत. त्यांच्याबद्दल एवढंच कळलंय: निळा रंग आवडतो, घरात मांजर आहे, हिवाळ्यात पहाटे गॅलरीत बसून चहा पितात. आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटेचे दोन तास. नागपूरला डिसेंबरात पारा 10 अंशांच्या खालीही जातो. वाचल्याबरोबर मनात आलं, मांडीवर घ्यायची गोधडी शिवू.

आईची तीन सुती लुगडी ट्रंकेत आहेत. त्यातलं एक निळं, लाल काठांचं. नऊ वार म्हणजे आठ मीटरच्या वर, मीटरभराचे पाच थर सहज निघतात आणि काठ चारही बाजूंना पुरतो. इतकी वर्षं धुतलंय की हाताला साईसारखं लागतं.

पण अनोळखी माणसाला नेसलेलं कापड द्यावं का? वाडीत कुणाकडे बाळ झालं की आई न विचारता गोधडी शिवायला बसायची, तीही जुन्याच कापडाची. नव्याची खळ बाळाला टोचते म्हणायची. पण ती सगळी माणसं तिला ओळखत होती. या बाईंना पार्सल उघडल्यावर 'जुनं पाठवलं' असं वाटलं तर मला फार लागेल. वहिनी तर म्हणते, लुगडं कापूच नको.

चतुर्थीआधी पार्सल टाकायचंय, एकदा गणपतीच्या वर टांगायची माटवी बांधायला घेतली की सुई हातात यायची नाही. सोबत सुरंगीच्या वाळलेल्या फुलांची पुरचुंडी ठेवू का? मार्चमध्ये वळेसर वाळवून ठेवले होते, अजून वास आहे.

टाकादोरा (सांगली)
वहिनींचं मला पटतं. आईचं लुगडं तिची आठवण असलेल्या घरातच राहावं. निळं नवं सुती कापड घ्या, रात्रभर भिजवून दोनदा धुवा. खळ जाते आणि आटायचं ते आधीच आटतं. मी एकदा आत जुने थर आणि वर न धुतलेलं नवं कापड लावलं होतं, पहिल्याच धुण्यात वरचं आटलं आणि सगळीकडे चुण्या पडल्या.

कुडाळची काकी
गो बाय, नव्या कापडाची गोधडी अंगार घेतल्यार खरखरता. आवशीचा लुगडाच घाल. पण ट्रंकेत डांबरगोळे असतले, तेंचो वास एका धुण्यात जावचो नाय. तीनदा धुव. पावसात वाळणा नाय म्हणान चुलीवरच्या दांडयेर घालू नको, धुराचो वास धरता. पंख्याखाली घाल, मगे इस्त्री फिरव. टाके कडेसून सुरू कर नि फिरत फिरत मधी ये, म्हणजे थर सरकणत नाय.

मनीची आई (ठाणे)
मांजराचं विसरू नका. टाके अगदी बारीक घाला, लांब टाक्यात नखं अडकतात. गोंडे, मणी, लोंबते दोरे नकोतच. मांजर दोरा गिळतं आणि तो आतड्यात अडकला तर जिवावर बेततं. बाकी एवढा घोर कशाला? अदलाबदल सांभाळणाऱ्यांकडून विचारून घ्या, वापरलेलं सुती कापड चालेल का, वास चालतो का. भेट काय आहे ते तेवढ्यावरून कळत नाही.

माडाखालची (मालवण)
विचारून घेतलं. निरोप आला: जुनं सुती आनंदाने चालेल, वास मात्र कसलाच नको, दमा आहे. म्हणजे सुरंगी माझ्याच कपाटात. आणि काकी, डांबरगोळ्यांचं तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं, मी एकदाच धुवून शिवायला बसणार होते. आता चौथं धुणं झालंय, नाक लावून बघितलं, नुसता कापडाचा वास येतोय.

टाकादोराताई, तुमचं वाचून दोन दिवस कात्री हातात घेतली नाही. मग वहिनीला शेजारी बसवून एकच लुगडं कापलं. दोन ट्रंकेत तशीच आहेत, आणि कापलेल्यातले उरलेले तीन मीटर वहिनीने स्वतःसाठी मागून घेतले. काल रात्री कडेची पहिली ओळ घातली, टाका तांदळाच्या दाण्याएवढा.