नोकरीसाठी नागपूरहून पुण्यात: पुनावळ्यात भाड्यानं राहावं की फ्लॅट घ्यावा?

संत्रानगरी

१ जूनपासून हिंजवडी फेज २ मध्ये नवीन नोकरी आहे, पहिले सहा महिने प्रोबेशन. सोबत बायको (शिक्षिका, पुण्यात नोकरी शोधणार) आणि मुलगी, ती तिसरीत जाईल.

पुनावळ्यात सहा वर्षं जुन्या सोसायटीत टू बीएचके ७५ लाखांना मिळतोय. बँक ६० लाख देते म्हणाली, साडेआठ टक्के, २० वर्षं, हप्ता साधारण ५२,०००. त्याच सोसायटीत तसाच फ्लॅट भाड्यानं २४,००० ला आहे, मेंटेनन्स त्यातच. हाताशी २२ लाख आहेत. नागपुरात बेस्याला २०१५ साली घेतलेला फ्लॅट आहे, त्याचं कर्ज फिटलंय.

दलाल म्हणतो, भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हप्ता निदान घरात तरी जातो. आकडे मांडून कोणी सांगेल का?

हिशेबवही

दलालाचं वाक्य हप्त्याला लावून बघा. ६० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज होतं ४२,५००. म्हणजे ५२,०६९ च्या हप्त्यातले साडेनऊ हजारच मुद्दलात जातात. तीन वर्षांत तुम्ही १८.७४ लाख भराल, त्यातले १४.८४ लाख व्याज. मुद्दल फिटेल ३.९१ लाख. 'घरात गेलेला पैसा' एवढाच. भाड्याशी तुलना करायची ती हप्त्याची नाही, परत न मिळणाऱ्या पैशांची.

तीन वर्षांनी नोकरी बदलली आणि फ्लॅट विकला असं धरून, परत न मिळणारे पैसे:

स्टँप ड्युटी पिंपरी-चिंचवड हद्दीत ७ टक्के (एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आणि मेट्रोचा अधिभार धरून), म्हणजे ५.२५ लाख. नोंदणी फी ३०,०००. घेताना आणि विकताना एकेक टक्का दलाली धरली तर दीड लाख. व्याज १४.८४ लाख. मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मिळून दीड लाख. तुमचे स्वतःचे अडकलेले २१ लाख एफडीत असते तर साडेसहा टक्क्यांनी साधारण ४ लाख आले असते, तेही यातच. बेरीज साडेसत्तावीस लाखांच्या आसपास.

भाड्याची बाजू: २४,००० वर दरवर्षी ५ टक्के वाढ, तीन वर्षांचे ९.०८ लाख. दलाली, करार, एकदा सामान हलवणं धरून पावणेदहा.

फरक पावणेअठरा लाखांचा. तेवढी किंमत वाढली तर तुम्ही जेमतेम बरोबरीत. नफ्यावरचा साडेबारा टक्के कर आणि हप्ता व भाडं यातल्या फरकावर बुडालेलं व्याज धरलं, तर फ्लॅटचा भाव वर्षाला आठ टक्क्यांच्या वर वाढायला हवा. तोही सलग तीन वर्षं, आणि त्या भावानं घेणारं गिऱ्हाईक वेळेवर मिळायला हवं. हेच गणित आठ वर्षांवर नेलं की साडेपाच-सहा टक्क्यांची वाढ पुरते, कारण स्टँप ड्युटी आठ वर्षांवर पसरते आणि तोवर भाडंही चढलेलं असतं. तेव्हा प्रश्न 'भाडं की हप्ता' हा नाहीच. पुण्यात किती वर्षं राहायची खात्री आहे, हा आहे. प्रोबेशन संपेपर्यंत ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

शिवाय तुमच्या २२ लाखांतले १५ लाख स्वतःचा हिस्सा, ५.५५ लाख सरकारदरबारी, पाऊण लाख दलाली. उरतात सत्तर हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, वकील, सामानाचा ट्रक, शाळेची फी सगळं त्यातच. स्टँप ड्युटी गृहकर्जात बसत नाही, हे बरेच जण विसरतात. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते आणि त्या किमतीत हा खर्च धरत नाही.

भूमकर चौक

आकडे वर आले, मी जागेबद्दल लिहितो.

पुनावळे ते फेज २ नकाशावर जवळ दिसतं. पुनावळ्याच्या अंडरपासची आणि भूमकर चौकाची सकाळ नकाशात दिसत नाही. रविवारी फ्लॅट बघायला येऊ नका. बुधवारी या, सकाळी पावणेनऊला सोसायटीच्या गेटमधून निघा, संध्याकाळी साडेसहाला फेज २ मधून परत. मंगळ-बुध-गुरू ऑफिसं भरलेली असतात, सोमवार आणि शुक्रवारच्या वेळेवर विश्वास ठेवू नका. जून-जुलैत पाऊस असताना पुन्हा एकदा मोजा, आकडा वेगळा येईल. शिवाजीनगर मार्गाची मेट्रो दाखवून कोणी भाव वाढवून सांगत असेल, तर एवढंच विचारा की या गेटपासून स्थानकापर्यंत पायी किती मिनिटं.

दुसरं पाणी. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी दिवसाआड येतं. सोसायटी टँकरवर किती अवलंबून आहे हे दलालाला विचारून कळत नाही. सोसायटीच्या ऑफिसात जाऊन एप्रिल आणि मे महिन्याचं टँकरचं बिल बघायला मागा आणि ते फ्लॅटच्या संख्येनं भागा. बिल दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेच उत्तर समजा. वॉचमनला 'टँकर किती वाजता येतो' असं विचारा, 'येतो का' असं नाही. फेज २-३ ला लागून असलेल्या माण-मारुंजीकडे बघणार असाल, तर तो भाग महापालिकेत नाही, पीएमआरडीएखाली (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) आहे. तिथे हा प्रश्न आणखी खोलात जाऊन विचारा.

बायकोची शाळा कुठे लागते यावर निम्मं ठरेल. ती निगडी-आकुर्डीकडे लागली तर पुनावळं ठीक. कोथरूडला लागली तर रोजचे दोन-अडीच तास रस्त्यात. हे ठरायच्या आधी घर विकत घेणं म्हणजे घोड्यापुढे गाडी बांधणं.

करारनामा

भाड्यानं घेणार असाल तर काही गोष्टी पक्क्या करून घ्या.

अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे हाच भाड्याचा करार, कितीही महिन्यांचं असो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार लेखी हवं आणि नोंदवलेलं हवं. नोंदणीची जबाबदारी मालकाची. खर्चही फार नाही. स्टँप ड्युटी पाव टक्का. २४,००० गुणिले ११ म्हणजे २.६४ लाख, त्यात ७५,००० डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज ६,८७५, एकूण २,७०,८७५ चा पाव टक्का ६७७. वर नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००. एजंट घरी येऊन अंगठे घेतो, त्याचे वेगळे. पाच-सहा हजार सांगितले तर यातलं सरकारचं किती आणि तुमचं किती, हे तोंडावर विचारा.

तुमच्या बाबतीत अकरा महिन्यांपेक्षा २४ महिन्यांचा करार बरा. मुलीची शाळा मधेच बदलावी लागणार नाही आणि भाडेवाढ आधीच लिहिलेली असेल. पण लॉक-इन (ज्या काळात करार मोडता येत नाही) सहा महिन्यांपेक्षा जास्त मान्य करू नका, तुमचं प्रोबेशन तेवढंच आहे. लॉक-इन दोघांना लागू असल्याचं स्पष्ट लिहून घ्या. छापील मसुद्यांत बहुतेक वेळा ते फक्त भाडेकरूला बांधतं. नोटीस एक महिना. रंगकामाचे पैसे डिपॉझिटमधून कापणार असतील तर रक्कम आकड्यात लिहा. 'योग्य तो खर्च' या शब्दांवर शेवटी भांडण होतं.

मालक परदेशात असेल तर सावध. हिंजवडी पट्ट्यात असे फ्लॅट भरपूर आहेत. अनिवासी मालकाला भाडं देताना ३१.२ टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून भरायची जबाबदारी भाडेकरूची असते, भाडं कितीही कमी असलं तरी. मालकाचे वडील सही करतायत म्हणून मालक इथेच आहे असं होत नाही. कुलमुखत्यारपत्र बघा आणि भाडं कोणाच्या खात्यात जाणार ते विचारा.

भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी जो नॉन-ऑक्युपन्सी आकार घेते तो मालकाचा, आणि सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर घेता येत नाही. किल्ली घेताना महावितरणच्या मीटरचं रीडिंग आणि पाइप गॅसच्या मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला त्याच दिवशी पाठवा. बाथरूमच्या छताचेही काढा. वरच्या मजल्याची गळती पावसाळ्यात उघडी पडते आणि निघताना ती तुमच्या नावावर येते.

पायाभरणी

वरच्यांशी थोडा असहमत. भाड्यात राहायचंच असेल तर राहा, पण त्या अकरा महिन्यांत घर शोधत राहा, नाहीतर अकराचे साठ कधी होतात कळत नाही. मुलगी पाचवी-सहावीत गेली की हलणं आणखी अवघड. त्याच सोसायटीत भाड्यानं राहून बघायची संधी मिळतेय, ती सोडू नका. लिफ्ट किती वेळा बंद पडते आणि कमिटीत भांडणं किती, हे बाहेरून कळत नाही.

सहा वर्षं जुना फ्लॅट घेताना पहिला कागद भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला वापरायची महापालिकेची परवानगी. विकणारे 'सीसी आहे' म्हणतात. सीसी म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगीही असते आणि पूर्णत्वाचा दाखलाही, आणि या गोंधळाचा फायदा घेतला जातो. कागद हातात घ्या आणि तुमची विंग, तुमचा मजला त्यात आहे का वाचा. अर्धवट दाखल्यात वरचे दोन मजले सुटलेले असतात.

मग शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा कागद), सोसायटीचं ना-देय पत्र, आणि जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर, झालंय का. विकणाऱ्याचं कर्ज चालू असेल तर त्याच्या बँकेकडून शिल्लक रकमेचं पत्र आणि तिथे ठेवलेल्या मूळ कागदांची यादी मागा. टोकन त्याआधी देऊ नका. किंमत ५० लाख किंवा वर असल्यानं एक टक्का टीडीएस (तुमच्या बाबतीत ७५,०००) तुम्ही कापून भरायचा. विकणारा अनिवासी असेल तर एक टक्क्यानं भागत नाही, कितीतरी मोठा कापावा लागतो, तेव्हा सीए गाठा. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरणाचं प्रीमियम २५,००० च्या वर घेता येत नाही.

बांधकाम चालू असलेल्यात शिरू नका, निदान आत्ता तरी. ५ टक्के जीएसटी वेगळा, आणि ताबा मिळेपर्यंत भाडं आणि व्याज दोन्ही. ६० पैकी २४ लाख बँकेनं बिल्डरला दिले की महिन्याला १७,००० नुसतं व्याज, वर २४,००० भाडं.

संत्रानगरी

सगळ्यांचे आभार. बेत असा: त्याच सोसायटीत भाड्यानं, २४ महिने, लॉक-इन सहा. अजून दोन प्रश्न. पुढे फ्लॅट घेतला तर बायकोच्या नावावर स्टँप ड्युटीत एक टक्का वाचतो म्हणतात, खरं का? आणि बेस्याचा फ्लॅट आत्ताच विकून टाकू का?

हिशेबवही

खरं आहे, पण खरेदीदार फक्त महिला असेल तरच. दोघांची नावं टाकली की सवलत गेली. तुमच्या आकड्यात ७५,००० वाचतील. मात्र हप्ता तुमच्या पगारातून आणि घर एकट्या तिच्या नावावर असेल, तर जुन्या करपद्धतीतली व्याजाची २ लाखांची वजावट तुम्हाला मिळणार नाही, कारण तुम्ही मालकच नाही. नव्या पद्धतीत असाल तर स्वतः राहत्या घराच्या व्याजाला तशीही वजावट नाही, मग बिनधास्त तिच्या नावावर घ्या.

बेस्याचा आत्ता विकू नका. प्रोबेशन पार पडेपर्यंत परत जायला घर असू द्या. तोवर भाड्यानं द्या, त्या भाड्यातून ३० टक्के सरसकट वजा होऊन उरलेल्यावर कर. विकाल तेव्हा विक्रीनंतर दोन वर्षांत (किंवा आधीच्या एका वर्षात) दुसरं घर घेतलं तर नफ्यावरचा कर वाचतो. म्हणून पुण्यातलं घर नक्की झाल्यावर विकणं सोयीचं. नफ्याची रक्कम रिटर्न भरायच्या मुदतीपर्यंत घरात गुंतली नाही, तर कॅपिटल गेन्स खात्यात (अशा नफ्यासाठीचं बँकेतलं खास खातं) टाकावी लागते. साध्या एफडीत ठेवली तर सूट जाते. फ्लॅट २३ जुलै २०२४ च्या आधीचा असल्यानं साडेबारा टक्के की महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं कमी ते निवडता येईल. २०१५ चं खरेदीखत आणि आतल्या कामांची बिलं शोधून ठेवा.

भूमकर चौक

आणि भाड्याचा फ्लॅट शक्यतो मधल्या मजल्यावरचा घ्या. टँकरच्या दिवसांत वरच्या मजल्यांना पाण्याचा दाब कमी पडतो की नाही, ते बाथरूमचा नळ सकाळी सातला सोडून बघा.