मे महिन्यातील लंडन: खर्च कुठे करावा आणि कुठे टाळावा

ए-१०२ : सर्वांना नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे आणि मुले (वय ९ आणि १३) सहा दिवसांसाठी लंडनला जात आहोत. विमानाची तिकिटे आणि राहण्याची सोय झाली आहे. मात्र प्रेक्षणीय स्थळांच्या प्रवेशशुल्काची चौघांची बेरीज केली, तेव्हा अक्षरशः धडकी भरली. बी-३०४ मधील काका-काकू गेल्या वर्षी मुलीकडे दीड महिना राहून आले आहेत, म्हणून त्यांना आणि इतर अनुभवी मंडळींना विचारतो की, काय पाहावे आणि काय सोडावे?

बी-३०४ (काका) : बेरजेला प्रारंभच चुकीच्या टोकाकडून झाला आहे, असे वाटते. लंडनमधील सर्वांत मोलाच्या वस्तू ज्या संग्रहालयांत आहेत, त्यांतील बहुतेकांना प्रवेशशुल्कच नाही. ब्रिटिश म्युझियम १७५९ साली लोकांसाठी उघडले तेव्हाही प्रवेश विनामूल्य होता आणि आजही आहे; केवळ विशेष प्रदर्शनांना तिकीट पडते. संकेतस्थळावर वेळ नोंदवून गेल्यास दारावरची रांग टळते. प्राचीन इजिप्तमधील कोरीव लेखाच्या रोझेटा शिळेभोवती कायम गर्दी असते, ती लांबूनच पाहून पुढे निघावे आणि अमरावतीच्या स्तूपाची शिल्पे ठेवलेल्या दालनात सावकाश बसावे. आम्ही गेलो त्या दिवशी तिथे आमच्याखेरीज दोनच माणसे होती, आणि आपल्या आंध्रातून गेलेले ते दगड पाहताना मनात नेमके काय येते, हे मला इथे लिहिता येणार नाही.

दुसरा दिवस व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमसाठी ठेवावा. तिथे टिपू सुलतानाचा लाकडी वाघ आहे. एका गोऱ्या माणसाच्या नरड्यावर तो बसलेला असून त्याच्या पोटात वाद्य बसवलेले आहे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडल्यावर तो इंग्रजांच्या हाती लागला. समोरच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा छताला टांगलेला आहे, त्याखाली मुले पाऊण तास सहज रमतात. ट्रफल्गार चौकातील नॅशनल गॅलरीही विनामूल्यच आहे. ही गॅलरी आणि ब्रिटिश म्युझियम शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत उघडी असतात, आणि त्या वेळी गर्दी ओसरलेली असते.

सी-५०१ : काका, आपल्या माहितीबद्दल आदर आहेच, परंतु इतका विमानखर्च करून माणूस लंडनला जातो तो केवळ फुकटचे पाहण्यासाठी नव्हे. टॉवर ऑफ लंडन न पाहता परत येणे म्हणजे पंढरपूरला जाऊन चंद्रभागेवरूनच माघारी फिरण्यासारखे आहे.

बी-३०४ (काका) : साहेब, टॉवरच्या बाबतीत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते तिथेच करावेत, असे माझेही मत आहे. दार उघडण्याच्या वेळी पोहोचून थेट जडजवाहिराच्या दालनात जावे, नंतर रांग फार वाढते. १९३७ साली घडवलेल्या राजमातेच्या मुकुटात कोहिनूर आहे. माझा विरोध आहे तो लंडन आयसारख्या महाग पाळण्याला, कारण फेनचर्च स्ट्रीटवरील एका उंच इमारतीच्या माथ्यावर असलेल्या स्काय गार्डनमधून सारे शहर विनामूल्य दिसते. त्याची नोंदणी साधारण तीन आठवडे आधी खुली होते आणि चांगल्या वेळा लगेच संपतात, एवढे मात्र ध्यानात ठेवावे.

वेस्टमिन्स्टर ॲबेचे तिकीट तीस पौंडांच्या घरात आहे. सायंप्रार्थनेला मात्र कोणीही विनामूल्य बसू शकतो. आम्ही तसेच गेलो होतो. आत हिंडता येत नाही, छायाचित्रे काढता येत नाहीत, न्यूटनची समाधी शोधायला उठता येत नाही. पण त्या दगडी कमानींखाली गायकवृंदाचा आवाज वर चढत जातो तो ऐकल्यावर तिकीट न काढल्याची रुखरुख उरत नाही.

ए-४०३ : काकांच्या माहितीत प्रवासाची थोडी भर घालते, कारण मी तिथे दोन वर्षे नोकरीनिमित्त राहिले आहे. बसमध्ये रोख पैसे मुळीच घेत नाहीत. बँकेचे कार्ड यंत्राला टेकवायचे असते. मी होते तेव्हा भाडे १.७५ पौंड होते आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसगाड्या बदलल्या तरी पुन्हा भाडे कापले जात नसे. प्रत्येक मोठ्या माणसाला स्वतंत्र कार्ड लागते, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. भुयारी रेल्वेत मी पहिल्याच आठवड्यात एक घोळ केला होता: आत जाताना कार्ड टेकवले आणि बाहेर पडताना तेच कार्ड जोडलेला मोबाइल टेकवला. यंत्राच्या दृष्टीने ते दोन अर्धवट प्रवास ठरले आणि दोन्हींसाठी कमाल भाडे कापले गेले. ज्याने आत जाल त्यानेच बाहेर या.

तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाला बस आणि भुयारी रेल्वे दोन्ही तुमच्यासोबत विनामूल्य आहेत. तेरा वर्षांच्या मुलीसाठी ऑयस्टर कार्ड (तिथल्या बस-रेल्वेचे पैसे भरून वापरायचे कार्ड) विकत घ्यावे आणि स्थानकावरील कर्मचाऱ्याला सांगून त्यावर छोट्या पर्यटकांची सवलत चढवून घ्यावी, म्हणजे तिला चौदा दिवस अर्धे भाडे पडते. ही सवलत आपणहून लागू होत नाही, मागावी लागते. हीथ्रोहून शहरात येताना झटपट पोहोचवणाऱ्या महाग गाडीऐवजी पिकॅडिली मार्गाची भुयारी रेल्वे घ्यावी. तासभर लागतो, पण पैसे कितीतरी कमी पडतात.

आणि दुमजली बसची पर्यटकांसाठीची वेगळी सहल घेऊ नये. ट्रफल्गार चौकातून १५ क्रमांकाची साधी बस पकडावी आणि वरच्या मजल्यावर अगदी पुढच्या काचेशी बसावे. फ्लीट स्ट्रीट संपून चढ लागतो, तेव्हा सेंट पॉल्सचा घुमट समोर हळूहळू मोठा होत जातो, आणि पुढे हीच बस तुम्हाला टॉवरपाशी सोडते.

बी-२०१ : एक स्थळ राहिले आहे. प्रिमरोझ हिलजवळ १०, किंग हेन्रीज रोड येथील घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी म्हणून राहत होते. ते घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि आता तिथे स्मारक आहे. चॉक फार्म स्थानकापासून ते चालत जाण्याच्या अंतरावर आहे. निघण्यापूर्वी उघडण्याच्या वेळा तपासाव्यात. तिथूनच प्रिमरोझ हिलच्या टेकडीवर जावे. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे संग्रहालये बंद झाल्यानंतरही तीन-चार तास उजेड हाताशी राहतो.

सी-५०१ : हे मला ठाऊक नव्हते, आभारी आहे. संसदेचे काय? तिथेही तिकीट आहे ना?

बी-३०४ (काका) : मार्गदर्शकासह फेरीला तिकीट आहे, पण अधिवेशन चालू असताना प्रेक्षक सज्जात बसून कामकाज ऐकणे विनामूल्य आहे. ज्या सभागृहात दादाभाई नौरोजी १८९२ साली निवडून गेले, त्याचे कामकाज अशा रीतीने पाहता येते. मेच्या अखेरीस सहसा संसदेला सुट्टी असते, म्हणून हा कार्यक्रम सहलीच्या पहिल्या दिवसांत ठेवावा.

बी-३०४ (काकू) : आता खाण्याचे मी सांगते, कारण हे नुसती संग्रहालयेच सांगत बसतील. तूप, पेढे, खव्याची बर्फी नेऊ नका. भारतातून दुधाचे पदार्थ तिथे नेण्यास मनाई आहे. चकली, शेंगदाण्याची चटणी, मेथीचे ठेपले (तेलातले) आणि तयार उपम्याची पाकिटे न्यावीत. हॉटेलच्या खोलीत बहुधा विजेची किटली असते, त्यावर चौघांची न्याहारी होते. दुपारी सुपरमार्केटमधले सँडविच घेऊन बागेत बसावे. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नयेत, नळाचे पाणी पिण्याजोगे असते.

ए-१०२ : सर्वांचे मनःपूर्वक आभार. टॉवरची तिकिटे तेवढी काढतो आणि स्काय गार्डनच्या नोंदणीसाठी मोबाइलवर गजर लावून ठेवतो. एकच शंका उरली आहे, आपले चार्जर तिथे चालतात का?

ए-४०३ : विजेचा दाब चालतो, पण तिथल्या प्लगच्या पिना चौकोनी असतात. माझ्याकडे दोन ॲडॉप्टर पडून आहेत, उद्या सकाळी वॉचमनकाकांकडे ठेवते.