शब्दचर्चा : ‘दाहशमन’ की ‘दाहनियमन’?

प्रश्न (इंदूर)
मंडळाच्या दिवाळी अंकासाठी परजीवींवर लेख लिहिते आहे. इन्फ्लमेशनला काय म्हणावं? इथे सगळ्यांच्या तोंडी ‘सूजन’, म्हणून लिहितानाही ‘सूज’च येतं. एकीकडे ‘जळजळ’ही वाचलं. आणि शरीर ते आटोक्यात ठेवतं, त्याला ‘दाहशमन’ चालेल?

उत्तर (बडोदा)
ताई, ‘जळजळ’ नकोच, ती पित्ताची. सूज हे एकच लक्षण झालं; लाली, उष्णता, वेदना राहूनच जातात. ‘शोथ’ वैद्यांना कळेल, अंकाच्या वाचकांना नाही. ‘दाह’ घ्या, ‘यकृतदाह’ रुळलेला आहेच.

उत्तर (इंदूर)
मी पॅथॉलॉजी शिकवतो. ‘दाह’ बरोबर, पण ‘शमन’ नको. परजीवी शिरला की दाह हवाच, नाहीतर तो मोकाट वाढेल. मात्र वेळेत आवरला नाही, तर आपल्याच अवयवांची नासाडी होते. इंटरल्यूकिन-10 हे आवर घालणारं प्रथिन नसलेल्या उंदरांना मलेरिया झाला, तर ते दाहापायी जास्त दगावतात. म्हणून ‘नियमन’. हे प्रथिन सोडणाऱ्यांत ‘नियामक टी-पेशी’ या पांढऱ्या रक्तपेशीही आहेत, त्यांच्या शोधासाठी ब्रंकॉव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना 2025 चं नोबेल मिळालं.

लेखात ‘डोक्यातला किडा’ अवश्य घ्या. आपल्याकडे सगळा दोष पत्ताकोबीला देतात. खरं तर ती डुकरातल्या पट्टकृमीची अळी. कृमी पोटात असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या कुठल्याही भाजीतून, पाण्यातून किंवा अस्वच्छ हातांतून आपल्या पोटात जातात. शाकाहारी घरंही सुटत नाहीत. अळी मेंदूत जिवंत असेतो भोवतीचा दाह दडपून ठेवते, वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. ती मरू लागली की दाह उसळतो आणि झटके येतात. म्हणूनच अळी मारणाऱ्या अल्बेंडाझोलबरोबर स्टेरॉइड देतात.

प्रश्नकर्ती
फार छान, सर! मग स्टेरॉइडला ‘दाहनियामक’ म्हणू?

उत्तर (इंदूर)
नाही, तिथे ‘दाहशामक’च. औषध दाह फक्त उतरवतं. अळी दाह दडपते, शरीर त्याचं नियमन करतं, औषध शमन करतं. तीन क्रियापदं वेगळीच ठेवा.