मदत हवी आहे: एल्डन रिंगमध्ये मार्गिटसमोर रोल लागतच नाही

मांजराकाठ:
एल्डन रिंग गेममधला बॉस मार्गिट काही पडेना. काठी वर गेली की लगेच रोल (घाव चुकवायची कोलांटी) मारायलो, तरी मार बसायलाच. लांब जाऊन फ्लास्क (जीव भरायचं औषध) प्यावा तर तिथून सुरे फेकतो. व्हिडिओत लोक ह्याच चाली आरामात चुकवायलेत, म्हणजे बटनाचाच काहीतरी घोळ आहे. कोणती सेटिंग बदलायची तेवढं सांगा. "आधी दुसरीकडं फिरून ये" हे सांगू नका, मला इथूनच पुढं जायचंय.

बालाघाट:
क्लास (सुरुवातीचं पात्र) कोणता? लेव्हल, व्हिगर (जीव वाढवणारे पॉइंट), हत्यार प्लस कितीचं, म्हणजे किती अपग्रेड केलेलं? पीसी का प्लेस्टेशन? एवढं कळल्याशिवाय जो कुणी सांगेल तो अंदाजच असणार.

पूर्णा_जंक्शन:
सरळ कॅलिड प्रांत गाठ. स्ट्रीट ऑफ सेजेस रुइन्समध्ये मिटिओराइट स्टाफ (जादूची काठी) आहे आणि तिथल्याच तळघरात रॉक स्लिंग ही दगड फेकायची जादू. दोन्हीला इंटेलिजन्स १८ लागतं. स्टाफला एस स्केलिंग आहे (पॉइंटनुसार मार सगळ्यात जास्त वाढतो), अपग्रेड होत नाही आणि सुरुवातीला करायची गरजही नाही. लांबून दगड हाणायचे, रोलचा प्रश्नच मिटला.

गोदाकाठ:
@पूर्णा, त्यानं जादूचं विचारलंच नाही.

मांजराकाठ:
व्हॅगाबॉन्ड, लेव्हल १९, लाँगस्वॉर्ड, पीसी. आता सांगा सेटिंग.

बालाघाट:
भाऊ, व्हिगर आणि प्लस राहिलं. आणि इक्विप लोडपाशी (अंगावरच्या सामानाचं वजन) काय लिहिलंय ते बघ: लाइट, मीडियम का हेवी?

मांजराकाठ:
व्हिगर १५. सगळे पॉइंट स्ट्रेंग्थला दिले, ती आता २४ आहे. तलवार प्लस काहीच नाही. हेवी लोड लिहिलंय. पण चिलखत दणकट पाहिजेच ना?

बालाघाट:
मग सापडलं. वजन ७० टक्क्यांच्या वर गेलं की हेवी. त्यात रोल आखूड होतो आणि उठायला वेळ लागतो, म्हणून पहिला घाव चुकला तरी मार्गिटचा दुसरा बसतो. सुरुवातीला मिळालेलं दुसरं हत्यार, हॅलबर्ड, अजून स्लॉटमध्येच असणार तुझा. हातात नसला तरी स्लॉटमधल्या प्रत्येक हत्याराचं वजन धरलं जातं. नुसतं पिशवीत पडलेलं धरत नाहीत. हॅलबर्ड काढ. तरी हेवीच राहिलं तर हेल्मेट काढ. मीडियम दिसलं की थांब, लाइटच्या मागं लागायची गरज नाही. हेल्मेट गेल्यानं मार फार वाढत नाही, पण जड रोलनं सगळा डावच जातो.

दुसरं, व्हिगर १५ म्हणजे एचपी (जीव) ५२२. २० ला ६५२ आणि २५ ला ८०० होतो. पुढचे सगळे पॉइंट तिकडं दे.

देवगिरी_डेस्क:
वजनाचं बरोबर आहे, पण खरी मेख वेगळीच आहे आणि ती कुणी सांगेना. पळणं आणि रोल एकाच बटनावर आहे. दाबून धरलं तर पळणं, म्हणून गेम बटन सुटायची वाट बघतो. रोल दाबताना नाही, सोडताना सुरू होतो. घाबरून बटन घट्ट दाबून धरलं की तेवढा वेळ गेलाच. टिचकी मारल्यासारखं दाबून लगेच सोडायचं. दोन्ही वेगवेगळ्या बटनांवर टाकायची सेटिंग गेममध्ये नाही, त्यामुळे ती शोधत बसू नको.

तलवार चालू असताना रोल दाबला तर तो रांगेत लागतो आणि घाव संपल्यावर निघतो. म्हणून एक घाव मारून थांब. तीन घावांची हाव मार्गिटसमोर चालत नाही.

बालाघाट:
@देवगिरी, हेवी लोडवर टिचकी मारून काय होणार? आधी वजन.

देवगिरी_डेस्क:
मीडियम करूनही बटन धरून ठेवलं तर मार बसणारच. दोन्ही पाहिजे. आणि "काठी वर गेली की लगेच रोल" असं त्यानंच लिहिलंय. मार्गिट काठी वर नेऊन मुद्दाम थांबतो. काठी बघायचीच नाही, खांदा बघायचा. हात खाली यायला लागला की रोल, तोही मागं नाही, पुढं त्याच्या अंगाकडं. मागं गेलं की काठीचं टोक गाठतं आणि वर सुऱ्यांना जागा मिळते.

फ्लास्कही लांबून प्यायचा नाही. तो पिणं ओळखून फेकतो. त्याचा लांब घाव संपला, काठी जमिनीवर असली, की लगेच प्यायचा.

गोदाकाठ:
एवढं रोल रोल कशाला? व्हॅगाबॉन्डकडं सुरुवातीपासून हीटर शील्ड आहे, फिजिकल मार १०० टक्के अडवते. घाव ढालीवर घे आणि लगेच जड हल्ल्याचं बटन दाब, गार्ड काउंटर होतो. त्यानं त्याचा तोल लवकर जातो, गुडघ्यावर आला की समोरून क्रिटिकल (मोठा घाव). स्टॅमिना अर्ध्याच्या खाली गेला की ढाल खाली करायची, नाहीतर गार्ड फुटतो.

देवगिरी_डेस्क:
मार्गिटचा उजेडाचा सुरा आणि हातोडा होली (दैवी) मार देतात, तो ढालीतून थोडा आत येतो. ५२२ एचपीवर तो थोडाही जड जातो.

गोदाकाठ:
म्हणून लढाईच्या पहिल्या भागापुरतं सांगायलो. पहिला भाग फ्लास्क न खर्चता काढला तर दुसऱ्याला सगळे उरतात.

अंबाजोगाईची_ताई:
मुलांनो, तलवार प्लस शून्य आहे हे सगळे विसरलात. स्ट्रेंग्थ १४ ची २४ करून या तलवारीला फारसं काही मिळत नाही, सुरुवातीला स्केलिंग कमीच असतं. मूळ मार ११० आहे, +३ ला तो साधारण १२९ होतो, शिवाय स्केलिंगही थोडं वाढतं. त्याला 'स्मिदिंग स्टोन १' हे अपग्रेडचे दगड तीन टप्प्यांत २, ४ आणि ६ असे मिळून १२ लागतात. अगील लेकच्या उत्तरेला लिमग्रेव्ह टनेल्स आहे, तिथल्या भिंतींतून दगड काढायचे. चर्च ऑफ एलेमधल्या ऐरणीवर +३ पर्यंत होतं, लोहाराकडं जायचंही काम नाही.

त्याच फेरीत थर्ड चर्च ऑफ मारिकामधून सेक्रेड टिअर घे, फ्लास्क जास्त भरतो. दक्षिणेला वीपिंग पेनिन्सुलात आणखी तीन आहेत. फिरायला सांगू नका म्हणालास, पण इथलं फिरणं हाच गेमचा पाया आहे.

आणि लाँगस्वॉर्ड दोन्ही हातांत धरून तिचं स्क्वेअर ऑफ हे स्किल वापर. स्किलचं बटन धरून जड हल्ला केला की भोसकतो, तोल मोडायला फार चांगलं. दोन हातांनी धरल्यावर स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते, ते वेगळंच.

नांदेडी_लाइन:
विजेचा भरवसा नसला तर सेव्हची कॉपी ठेवा. गेम बंद करून ॲपडेटा, रोमिंग, त्यात एल्डन रिंगचं फोल्डर. पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर टाका.

बालाघाट:
@नांदेडी, हे कुणी विचारलं?

नांदेडी_लाइन:
विचारलं नसलं तरी कामाचं आहे. लॅपटॉप असेल तर लाइट गेल्यावर बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड हळू होतं आणि फ्रेम ६० वरून खाली येतात. तेव्हा मार्गिटशी लढूच नये. @मांजराकाठ, लॅपटॉप आहे का?

मांजराकाठ:
हो, लॅपटॉप एचडीएमआयनं टीव्हीला जोडलाय. त्यानं काय होतं?

देवगिरी_डेस्क:
हे पहिल्या पोस्टमध्ये पाहिजे होतं! टीव्ही चित्र सुधारायला वेळ घेतो, तेवढं सगळं उशिरा दिसतं. टीव्हीच्या पिक्चर मोडमध्ये जाऊन गेम मोड चालू कर. तो नसेल तर लॅपटॉपच्या स्क्रीनवर खेळ. ही तुझी सेटिंग.

पूर्णा_जंक्शन:
लोन वुल्फ, म्हणजे मदतीला बोलवायच्या लांडग्यांचं कुणी बोललंच नाही. घोडा बोलवायची व्हिसल मिळाल्यावर चर्च ऑफ एलेला परत जा, तिथं रेना नावाची बाई लांडगे बोलवायची बेल आणि ॲशेस देते. ५५ एफपी (जादूची शक्ती) लागतो, व्हॅगाबॉन्डला एकदा बोलवण्यापुरता पुरतो.

गोदाकाठ:
लांडगे बोलावून जिंकलं तर चाली कधी शिकणार? पुढं गॉड्रिक हा बॉस आहे.

अंबाजोगाईची_ताई:
गेमनं दिलेली वस्तू वापरण्यात काही कमीपणा नाही. बॉस लांडग्यांकडं वळतो तेव्हाच त्याच्या चाली शांतपणे बघता येतात. धुक्याच्या दाराजवळ रॉजियर या मदतनीस पात्राची खूणही आहे. पण त्याला बोलावलं की मार्गिटचा एचपी वाढतो, लांडग्यांनी वाढत नाही. आधी लांडगे.

मांजराकाठ:
हॅलबर्ड काढला, मीडियम झालं. गेम मोड लावला. रोल आता कळायलाय, पहिला भाग निघायलाय. हातोडा काढून उडी मारतो तिथं अडकायलो. ते कसं चुकवायचं?

देवगिरी_डेस्क:
तो हवेत वर असताना काहीच करू नको. खाली यायला लागला की त्याच्या खालून पुढं रोल. हातोडा जमिनीत गेला की पाठीमागून एकच घाव, मग बाजूला.

बालाघाट:
आणि ढाल कमी धर. तो पडला की १२,००० रून (लेव्हल वाढवायचं चलन) आणि टॅलिस्मन पाऊच मिळतो. रून घेऊन तसाच किल्ल्यात घुसू नको, ग्रेसवर (विश्रांतीच्या जागी) बसून व्हिगर वाढव.

गोदाकाठ:
ढाल धरच.