क्लॅनचा टॅटू म्हणजे फॅन्सी ड्रेस? ऐकून घ्या मग

इनव्हर्नेसची सून:
परवा इथे एकाने ठोकून दिलं की स्कॉटिश क्लॅन (म्हणजे एका आडनावाची, एका प्रमुखाची कुळं) वगैरे सगळं १८२२ साली लेखक वॉल्टर स्कॉटने राजासाठी उभं केलेलं नाटक आहे, आणि त्याचा टॅटू काढणारे लोक दुकानातल्या बाहुलीचे कपडे कातडीवर शिवून घेतात. दोन दिवस गप्प बसले, आता नाही राहवत. माझा नवरा मॅकेन्झी क्लॅनचा आहे. सासरे गेल्या फेब्रुवारीत गेले. ते क्वीन्स ओन हायलँडर्स या ब्रिटिश सैन्याच्या पलटणीत होते, टोपीवर हरणाच्या शिंगाळ्या मुंडक्याचा बिल्ला, तो त्यांनी शेवटपर्यंत पलंगाशेजारच्या खणात ठेवला होता. शिंगाचं डावीकडचं टोक बोटाने घासून घासून पार गुळगुळीत झालंय. नवऱ्याला वर्ष भरेल त्या दिवशी तोच बिल्ला कोपराखाली गोंदवून घ्यायचाय, खाली गेलिकमधली, म्हणजे हायलँडच्या जुन्या भाषेतली ओळ, 'राजाला मदत कर'. यात बाहुली कुठे आली? १७४६ ला कलोडनच्या माळावर हायलँडची, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली जी माणसं राजाच्या फौजेकडून कापली गेली ती नाटकात मेली का? त्यानंतर हायलँडचे कपडे अंगावर दिसले तर सहा महिने तुरुंग, आणि हा कायदा १७८२ पर्यंत होता. गेलिकमध्ये क्लॅन या शब्दाचा अर्थच लेकरं असा आहे. लेकराने बापाची खूण अंगावर घेतली तर तुमचं काय बिघडलं?

ग्लासगोकर:
तो मीच. सासऱ्यांबद्दल वाईट वाटलं, खरंच. पण मी लिहिलेलं मागे घेणार नाही. माणसं मेली नाहीत असं मी कुठे म्हणालो? प्रत्येक आडनावाला ठरलेलं टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, हे बरंचसं एकोणिसाव्या शतकातलं काम आहे एवढंच म्हणालो. १८४२ मध्ये दोघा भावांनी जुन्या हस्तलिखिताचा हवाला देऊन टार्टनचं पुस्तक छापलं, ते हस्तलिखित बनावट होतं, आणि त्यातले नमुने आजही किल्टवर विकले जातात. पण माझा खरा राग त्या पट्ट्यावर आहे. बक्कल लावलेला गोल पट्टा आणि आत चिन्ह, बहुतेक लोक हेच गोंदवतात. त्याचा अर्थ माहितीये? चिन्ह क्लॅनच्या प्रमुखाचं, पट्टा त्याच्या माणसाचा, म्हणजे मी याचा ताबेदार. आणि याच प्रमुखांनी पुढे काय केलं? सदरलँडमध्ये स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून १८१४ ला आणि पुन्हा १८१९ ला लोकांना हाकललं, छपरं जाळली, का तर मेंढ्यांना चरायला जागा हवी. त्या सदरलँडच्या ड्यूकचा पुतळा गोल्स्पीच्या डोंगरावर अजून उभा आहे. माझी पहिली घरमालकीण त्या भागातल्या घराण्यातली, तिच्या पणजीचं घर असंच गेलं. ती म्हणायची, ज्याने घर जाळलं त्याचा पट्टा मी कुत्र्याच्या गळ्यातसुद्धा घालणार नाही. चौदा वर्षं झाली, अजून कानात आहे माझ्या.

शाईवाला, पुणे:
इतिहासातलं मला कळत नाही, मी टॅटू काढतो. पट्ट्यात अक्षरं बसवायची असतील तर तळहाताएवढी जागा तरी लागते, नाहीतर सात-आठ वर्षांत शाई पसरते आणि अक्षरांची पोटं भरून जातात, मग ते वाचता येत नाही. आणि गेलिक ओळ फोनवरून कॉपी करून कृपया आणू नका. एका गिऱ्हाईकाने आणली होती, मी जशीच्या तशी काढली, वर्षभराने त्याला तिथल्याच कोणीतरी सांगितलं की शब्द चुकलाय. त्यावर पान काढून झाकताना तो रडला होता. ती भाषा लिहिता येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या, राजाला गेलिकमध्ये 'री' म्हणतात, त्या 'री'वर मात्रेसारखी खूण असते तीसुद्धा.

डंडीची आजी:
टॅटू म्हटलं की आपल्याकडच्यांच्या कपाळावर आठ्या येतात याचंच मला जास्त वाईट वाटतं. माझ्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होतं, हनुवटीवर हिरवे ठिपके. गोंदण सोबत येतं, बाकी सगळं इथेच राहतं, असं ती म्हणायची. माझ्या मुलाने खांद्यावर काढून घेतलं तर नात्यातले लोक सहा महिने मला बोलत होते, आणि तेच लोक आजीचा फोटो देवघरात लावतात.

इनव्हर्नेसची सून:
आजी, अगदी. ग्लासगोकर, पट्टा नाहीचये चित्रात, आधी विचारायचं होतं. फक्त हरीण, ती ओळ आणि खाली छोटा हत्ती. बाबांची पलटण ज्यांच्यातून पुढे आली त्या सीफोर्थ हायलँडर्सच्या कॉलरवर असायचा ना, तो, 'असई' लिहिलेला. मी जालन्याची आहे. नवरा म्हणाला, तुझं माहेर आणि माझं कूळ एका ठिकाणी येतंय.

जालनेकर:
थांबा ताई. हत्ती? तुम्ही जालन्याच्या असून हे लिहिताय? २३ सप्टेंबर १८०३ ला असईला, केळणा आणि जुई नदीच्या मधे काय झालं हे तुम्हाला मी सांगायचं का? ७४ आणि ७८ नंबरच्या हायलँडर पलटणी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूने आपल्या तोफांवर चालून आल्या, म्हणून कंपनीने तो हत्ती त्यांच्या निशाणावर दिला. तो शिंद्यांच्या आणि भोसल्यांच्या फौजेवरच्या विजयाचा हत्ती आहे. आपले गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, काही मेल्यासारखे पडून राहिले आणि पुढे गेलेल्यांवर मागून पुन्हा तोफा डागल्या. वेलस्लीकडचे दीड हजारांवर मेले-जखमी झाले ते काय असेच? आमच्या शेतापासून ते रान लांब नाही. माझे आजोबा तिथून जाताना बैलगाडीतून खाली उतरायचे.

ग्लासगोकर:
जालनेकर, जरा दमाने. वेलस्लीच्या फौजेत बहुसंख्य देशी शिपाई होते, मद्रासचे. आणि शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन, हॅनोव्हरचा जर्मन. ही आपले विरुद्ध गोरे अशी सरळ लढाई नव्हती.

जालनेकर:
सेनापती कुठलाही असो, तोफेमागे मेलेला माणूस कुठला होता? मला आकडे शिकवू नका. ग्लासगोत बसून ज्याला त्याला दमाने घ्यायला सांगता येतं. स्वतः त्या घरमालकिणीच्या पणजीसाठी एवढं लिहिलंत, आमच्या पणज्यांसाठी दोन ओळीसुद्धा नाहीत तुमच्याकडे?

ग्लासगोकर:
हे लागलं. बरोबर बोललात, मान्य करायला जड जातंय पण बरोबर आहे. फक्त एक गोष्ट जोडतो, तुम्हाला उत्तर म्हणून नाही. ७८वी पलटण, जी पुढे सीफोर्थ हायलँडर्समध्ये गेली, ती १७९३ ला सीफोर्थ शाखेच्या मॅकेन्झीने उभी केली. तेव्हा हायलँडमध्ये जमीन कसणाऱ्याने मुलगा पलटणीत दिला तर जमीन राहील, अशा बोलीवर भरती व्हायची. असईला चालून आलेल्यांतले कितीतरी असेच, बापाची जमीन राखायला आलेले. त्यांची चूक झाकायची नाहीये मला. पण हत्ती त्या पोरांचाही वाटत नाही मला, तो कंपनीचा वाटतो.
आणि ताई, हरणाबद्दल मी थोडं मागे येतो. आजच्या मॅकेन्झी प्रमुखाचं चिन्ह जळता डोंगर आहे. हरीण सीफोर्थच्या शाखेचं, ती शाखा १८१५ ला त्या सीफोर्थबरोबर संपली, त्याचे मुलगे त्याच्या आधीच गेले होते. नंतर ते पलटणीच्या टोपीवरच जास्त दिसलं, म्हणजे साध्या शिपायांच्या डोक्यावर. तुमच्या सासऱ्यांच्या खणातला बिल्ला कोणाची ताबेदारी नाही. तेवढं मी घाईत लिहिलं होतं.

डंडीची आजी:
आणि 'राजाला मदत कर'चं काय? कोणत्या राजाला? तोच राजा ना असईला?

इनव्हर्नेसची सून:
आजी, ते मीही विचारलं काल रात्री. जालनेकरांचं सगळं त्याला इंग्रजीत सांगितलं, आजोबा गाडीतून उतरायचे तेसुद्धा. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग खोडरबर घेतलं आणि हत्ती पुसला. ओळ राहणार म्हणतोय, कारण ती बाबांच्या बिल्ल्यावर आहे आणि बाबांनी ती राजासाठी ठेवली नव्हती, सोबतच्या मुलांसाठी ठेवली होती, त्यातले दोघं परत आले नाहीत. मी त्यावर काही बोलले नाही, तुम्हीही नका बोलू.
जालनेकर, मला राग आला होता तुमचा, अजून थोडा आहे. पण शाळेत असताना आम्हाला त्या रानावर कोणी नेलंच नाही, ही माझी चूक नाही ना? डिसेंबरात आम्ही दोघं येतोय. वेलस्लीला नदीत जो उतार सापडला, पिंपळगाव आणि वरूडच्या मधला, तो दाखवाल का?

जालनेकर:
हरणाशी माझं भांडण नव्हतंच. या. दाखवतो. पाणी असलं तर पायातलं काढून उतरावं लागेल, त्यांना तसं आधी सांगून ठेवा.