बीटल्स गच्चीवर का चढले?

प्रश्न: १९६६ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्यक्रमानंतर बीटल्सनी (इंग्लंडचा रॉक बँड) टूर बंद केल्या ना, मग ३० जानेवारी १९६९ ला एकदम गच्चीवर वाजवायला कसे काय?

उत्तर: अरे फिल्मचं शूटिंग चालू होतं, तिला शेवट हवा होता, उत्तर आफ्रिकेतलं रोमन थिएटर वगैरे बऱ्याच गप्पा झाल्या पण एकमत होईना, शेवटी लंडनमधल्या स्वतःच्याच ऑफिसची गच्ची. थंडी एवढी की बँडमधल्या जॉन लेनननी त्याच्या जोडीदाराचा, योकोचा, फरकोट चढवला अन् ड्रमर रिंगोनी बायकोचा लाल रेनकोट 😄

दुसरं उत्तर: बाहेरून आलेल्या बिली प्रेस्टनला विसरू नका राव, कीबोर्डवर तोच. माझ्या मते तो आला म्हणून बँडमधली भांडणं जरा आवरली.

प्रश्नकर्ता: पोलिसांनी पकडलं का?

उत्तर: छे, आवाजाच्या तक्रारी आल्या म्हणून वर आले, ४२ मिनिटांत गाशा गुंडाळला. रिंगोची हौस वेगळीच, पोलिसांनी आपल्याला ड्रमवरून ओढून न्यावं असं त्याला वाटत होतं!